दर महिन्याला तेच पाणी

पदवीधर मित्रांनो,

मी जन्मभर समुद्राच्या पाण्यातला प्राणवायू मोजत आलो, त्यामुळे बोलणार आहे तेही त्याबद्दलच.

विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये बसवून दिलेली ही मोजणीची रीत तुम्ही सगळ्यांनी प्रात्यक्षिकात केली असेल. डोलणाऱ्या होडीत ती करणं हा वेगळा प्रकार आहे. तळाजवळचं पाणी बाटलीत घ्यायचं, एक बुडबुडा आत जाऊ द्यायचा नाही, मँगनीजचं द्रावण सोडायचं, मागोमाग आयोडाइडचं, बूच दाबून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढरा राहतो, तांदळाच्या धुवणासारखा.

देवगडसमोर सप्टेंबरच्या अखेरीस मी असा पांढरा साका पहिल्यांदा पाहिला. आमच्या तांडेलाने बाटली हातात घेतली, उन्हात धरली आणि विचारलं, "ह्यात काय नाय?" म्हटलं, श्वास घ्यायला काही नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मगे म्हणानच खालची जाळी रिकामी येतत." आम्ही वर्षभर घासून जो निष्कर्ष लिहिला असता, तो या माणसाने एका वाक्यात सांगितला. त्याचं नाव आमच्या एकाही अहवालात आलं नाही. या शास्त्रात होड्या ज्यांच्या, डोळे ज्यांचे, त्यांना आभाराच्या ओळीतही जागा मिळत नाही, हे मला आजही खटकतं.

हे पाणी येतं कुठून? पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचं, थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागात चढतं. वर नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. वरच्या थरात प्लवक माजतात, मरतात, तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायू संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कळस होतो, नोव्हेंबर-डिसेंबरात प्रवाह फिरला की पाणी सुधारतं. अरबी समुद्राच्या पोटात प्राणवायूचा दुष्काळ आहे, हे १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेनेच नोंदवलं होतं. म्हणजे निसर्गाचा यात वाटा आहेच. पण शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणीही याच पाण्यात उतरतं. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये लिहिलं की आपल्या किनाऱ्याजवळचं हे संकट तीव्र होत चाललं आहे आणि तिथून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवणारा वायूही मोठ्या प्रमाणावर सुटतो.

यात निसर्गाचं किती आणि माणसाचं किती, हे ठरवायचं कसं? त्याच जागी, त्याच खोलीवर, दर महिन्याला, वर्षानुवर्षं मोजून. दुसरा रस्ता नाही.

आणि नेमकं तेच काम आमच्याकडे कुणालाच नको असतं. मी एका कार्यालयात पैशाची मागणी घेऊन गेलो होतो. समोरच्या साहेबांनी फाइल उलटली आणि विचारलं, "गेल्या वर्षीही हेच मोजलं होतंत ना? मग यंदा नवीन काय?" प्रकल्प तीन वर्षांचे, समुद्राची चाल दशकांची. नव्या यंत्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात. त्याच बाटलीत तेच पाणी पुन्हा भरणाऱ्याला बढतीच्या मुलाखतीत "यात मौलिक संशोधन कुठे आहे?" असं ऐकावं लागतं. माझ्या हाताखालची दोन हुशार मुलं याच प्रश्नाला कंटाळून औषध कंपन्यांत गेली. त्यांना मी दोष देत नाही.

शेवटी आमचं अनुदान थांबलं आणि मोजणीची मालिका तुटली. त्याच ऑक्टोबरात किनाऱ्यावरचे मच्छीमार तळाची मेलेली मासळी टोपलीत घालून आमच्या दारात आले. "काय झालंय पाण्याला?" त्या महिन्याचा एकही आकडा आमच्याजवळ नव्हता. तो रकाना आजही कोरा आहे आणि जगातलं कुठलंही यंत्र आता तो भरू शकत नाही.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईच्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. १९६४ मध्ये पैसे आटले आणि काही काळाची खाच त्या आलेखात कायमची राहिली. तरीही माणूस चिकटून राहिला, म्हणून दर दशलक्ष भागांत ३१५ वरून ४२०च्या पुढे गेलेला तो आकडा आज कुणी नाकारू शकत नाही. आपलं उदाहरण मला त्याहून जवळचं. मुंबईत अपोलो बंदराच्या भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे. प्लेगच्या साथीत, दोन महायुद्धांत, फाळणीच्या वर्षीही तिथे कुणीतरी कारकून पाण्याची पातळी टिपायला जात असणार. त्यांना कुणी मौलिक संशोधनाबद्दल विचारलं नाही, हे आपलं भाग्य. विसाव्या शतकात मुंबईपाशी समुद्र वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास चढला, हे त्यांच्या वह्यांमुळेच तर कळलं! आता अरबी समुद्र तापतो आहे. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' आणि 'महा' ही दोन चक्रीवादळं एकाच वेळी त्यात घोंघावत होती. ऐन हंगामात होड्या बंदरात बांधून पडल्या. पुढच्या जूनमध्ये 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. अशा वादळाआधी पाणी कसं होतं आणि नंतर कसं झालं, हे सांगायला आधीची नोंद हवी ना?

तुमच्यातले बरेचजण उद्या नोकरीला लागाल, काही परदेशी जाल. जिथे असाल तिथे एखादी मालिका चालू असेल, तर ती तुमच्या हयातीत तुटू देऊ नका. वरिष्ठ "नवीन काय?" असं विचारतील. त्यांना सांगा की हा महिना नवीन आहे, याआधी तो कधी आलाच नव्हता.

आणि कुलगुरू महोदय, आपल्याकडे एक मागणं आहे. या विद्यापीठाकडे होडी आहे, प्रयोगशाळा आहे, दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. बाहेरच्या प्रकल्पाची वाट न पाहता, विद्यापीठाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात महिन्यातून एका फेरीच्या डिझेलचा खर्च कायमचा धरावा. जागा, खोली आणि रीत लिहून द्यायला मी तयार आहे. पावसाळा सरला की तळाचं पाणी सर्वांत वाईट असतं. सुरुवात येत्या सप्टेंबरातच व्हावी.