मंदींत वाढलेलें कर्ज
(शेतकऱ्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



१९२९ सालच्या मंदीचें नांव निघालें कीं कोणी ग्रहाला दोष देतो, कोणी नशिबाला. ग्रहांना घटकाभर बाजूला बसवा आणि आपल्या खळ्यावर हिशेब करा.

समजा, शंभर रुपये कर्ज आहे आणि पोतेंभर जोंधळ्याला दहा रुपये येतात. दहा पोत्यांत कर्ज फिटेल. १९२९ नंतर दोनतीन वर्षांतच हिंदुस्थानांत शेतमालाचे भाव सुमारें निम्म्यावर आले. आतां त्याच शंभराला वीस पोतीं! वहींत आंकडा तोच, खळ्यावर मात्र दुप्पट. सरकारसाराही रोकड ठरलेला, म्हणून पिकाच्या मापानें तोही दुप्पट झाला.

ही आग पेटली अमेरिकेंत. पहिल्या महायुद्धांत युरोपची शेती मोडली, तेव्हां तिकडच्या शेतकऱ्यानें कर्ज काढून जमिनी घेतल्या. युरोप पुन्हां पिकवूं लागला, भाव बसले, कर्ज राहिलें. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत उसन्या पैशावर सट्टा चालला होता, तो १९२९ च्या ऑक्टोबरांत कोसळला. पुढें हजारों बँका बुडाल्या. १९३० सालीं अमेरिकेनें परदेशी मालावर जकात चढविली, इतर देशांनींही तेंच केलें, आणि जगाचा बाजार आटला. १९३३ सालीं तेथें चार कामकऱ्यांत एक बेकार होता. शहरांत लोक फुकटच्या भाकरीसाठीं रांगेंत उभे, आणि आयोवा प्रांतांत शेतकरी कोळशाऐवजीं मका जाळीत होते! धान्य होतें, भुकेले होते. विकत घ्यायला पैसा नव्हता.

आपल्याकडे इंग्रज सरकारनें १९२७ च्या कायद्यानें रुपया अठरा पेन्सांना बांधला. महायुद्धापूर्वीं तो सोळाचा होता. परदेशीं विकलेल्या कापसाचे रुपये त्यामुळें कमी येत. मंदींतही सरकारनें तो दर सोडला नाहीं. १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें आपलें नाणें सोन्यापासून सोडविलें, सोन्याचा भाव चढला, आणि इथलें सोनें बोटी भरभरून बाहेर गेलें. भाव चांगला आला, असें सराफपेढीवर म्हणायला ठीक आहे. पण ज्या बाईनें हातांतल्या पाटल्या उतरून दिल्या, तिनें त्या नफ्यासाठीं दिल्या नाहींत. सारा भरायचा होता. कुणब्याची गांठ सुटली कीं सुताराला नवी गाडी नाहीं, कोष्ट्याच्या लुगड्याला गिऱ्हाईक नाहीं, चांभाराच्या जोड्याला पाय नाहीं.

आयोवा, नेब्रास्काकडच्या शेतकऱ्यांची एक गोष्ट मला फार आवडते. जप्तीचा लिलाव पुकारला कीं शेजारी जमत, पैसा-दोन पैशांची बोली लावीत, परक्याला बोलूं देत नसत, आणि घेतलेलीं गुरें-अवजारें ज्याचीं त्याला परत देत. १९३३ सालींच आयोवांत जमिनींची जप्ती लांबणीवर टाकणारा कायदा झाला.

मुंबई इलाख्यांत शेतकऱ्याचें कर्ज कमी करण्याचा कायदा झाला तो १९३९ सालीं. भाव पडायला लागल्यापासून तोंवर दहा वर्षें गेलीं होतीं.