मोठ्या झालेल्या मुलांचा दवाखाना



ज्यांच्यासाठी पुण्यातली ही परिषद भरली, ते सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) झालेले तरुणच सभागृहात नाहीत, समोरच्या पडद्यावरून सहभागी झाले आहेत, हे नव्या पाहुण्यांना खटकेल. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये फुप्फुसांत चिकट कफ साचतो आणि त्यात स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया यांसारखे जंतू ठाण मांडतात. एकाचे जंतू दुसऱ्याला लागू शकतात. म्हणून सीएफच्या रुग्णांनी एका बंद खोलीत एकत्र जमू नये, बाहेरही एकमेकांपासून सहा फूट अंतर ठेवावे, असा दंडक आहे. समदुःखी माणसांना एकमेकांशेजारी बसताही येऊ नये, हे या आजाराचे फार मोठे दुःख आहे. पडद्याची सोय आम्ही त्यासाठी केली.

आता हाच दंडक आपल्या ओपीडीला लावून पाहा. एकाच बाकावर क्षयाचा रुग्ण, दम्याच्या आजी आणि सीएफ असलेला आमचा मुलगा तासन्‌तास बसलेले असतात. चांगला दवाखाना मी यावरूनच ओळखते. तिथे रुग्णाला ताटकळत ठेवत नाहीत. आल्याबरोबर खोलीत नेतात आणि डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ एकेक करून त्याच्याकडे येतात. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, वेळा नीट आखाव्या लागतात.

डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा यातली बहुतेक मुले शाळेच्या वयापर्यंतही पोचत नसत. आज अमेरिकेतल्या नोंदींत निम्म्याहून अधिक रुग्ण प्रौढ आहेत. आपल्याकडे कितीतरी जणांना आधी क्षयाची औषधे दिली जातात आणि खरे निदान फार उशिरा होते. तरीही आमची मुले वाढली. त्याचे श्रेय बालरोगतज्ज्ञांना आहे, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण मूल मोठे झाले की बालरोग विभागाचे दार बंद होते आणि पुढे कुठे जायचे, ते कोणी सांगत नाही.

माझ्या मुलाला विशीत मधुमेह निघाला. एका मोठ्या रुग्णालयात त्याला साखर, तूप, मीठ, सगळे बंद करायला सांगितले. इतर मधुमेहींना जो सल्ला देतात, तोच. पण सीएफमधल्या मधुमेहात मूळ दुखणे स्वादुपिंडाचे असते. तिथे इन्शुलिन द्यायचे असते, ताट रिकामे करायचे नसते. अन्न नीट पचत नसल्याने या मुलांना उष्मांक जास्तच लागतात. मिठाचे तर विचारूच नका. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा सीएफची मुले उन्हाने कोलमडून रुग्णालयात आली आणि त्यांच्या घामातून मीठ फार जाते, हे पुढे डॉक्टरांच्या लक्षात आले. आजची घामाची तपासणी त्यातूनच पुढे आली. मग चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात अशा मुलाचे मीठ तोडणे किती धोक्याचे आहे, हे आपणच ठरवा.

दर तीन महिन्यांनी फुंकर मारून फुप्फुसांची तपासणी, थुंकीचे कल्चर, वजन; वर्षातून एकदा साखरेची आणि जीवनसत्त्वांची तपासणी, हे तर हवेच. मला त्याहून महत्त्वाचे वाटते, ते डॉक्टरांनी कोणाकडे पाहून बोलायचे हे. मुलगा नोकरी करतो, तरी प्रश्न मला विचारले जातात. सीएफच्या बहुतेक पुरुषांत शुक्रवाहिन्याच नसतात, पण शुक्राणू तयार होतात आणि उपचारांच्या मदतीने वडील होता येते. ही गोष्ट त्याला वेळेवर, आदराने आणि एकट्याला सांगायला हवी. त्या वेळी मला खोलीबाहेर बसवावे.

नव्या औषधांवर उद्या सत्र आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीने तिकडे आयुष्ये पालटली. आपल्याकडे तिची किंमत डोंगराएवढी आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सीएफचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम त्यातले एक उत्कृष्टता केंद्र आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. गोळी मिळाली तरी यकृतावर लक्ष ठेवणारा दवाखाना लागतोच.

बालरोगतज्ज्ञांना माझी विनंती आहे: मूल मोठे झाल्यावर हाती नुसती चिठ्ठी देऊ नका, पुढच्या डॉक्टरांबरोबर बसून त्याला दोन-तीनदा एकत्र तपासा. आणि छातीविकारतज्ज्ञहो, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयातून आपल्यापैकी एकाने ही मोठी मुले आपली मानावीत. दाराशी एक वही ठेवली आहे. जाण्यापूर्वी तीत आपले नाव आणि ओपीडीचा वार लिहून द्या.