सुधारणेची वाट : मूळ प्रवाहापासून शाळेतील संगणकापर्यंत

(जळकोट, ता. तुळजापूर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आज मी आपणांसमोर जो विषय मांडणार आहे, तो वरवर पाहता यंत्रविद्येचा आहे. परंतु आपल्या नित्याच्या कामाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. आपल्या शाळेतील संगणकाच्या पडद्यावर मधूनमधून एक सूचना उमटते : ‘अपडेट उपलब्ध आहे.’ आपण घाईत असतो. यू-डायसची माहिती भरावयाची असते, नाहीतर वीज जाण्याच्या आत गुणपत्रक छापावयाचे असते. तेव्हा ती सूचना आपण ‘नंतर’ म्हणून बाजूस सारतो. ही सुधारणा कोठून येते, कोणत्या वाटेने येते, आणि शेजारच्या शाळेत ती आज पोचली तर आपल्याकडे महिन्याने का, याचा विचार करावयास आपणांस सवड मिळत नाही. तो विचार आज करू.

संगणकातील सर्व कामांवर देखरेख ठेवणारी जी मूळ प्रणाली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही तिची आपल्या परिचयाची नावे. ही प्रणाली म्हणजे कोट्यवधी ओळींचा एक ग्रंथच होय. आणि ग्रंथ म्हटला की मुद्रणदोष आलेच. आता आपल्याच व्यवसायातील एक दाखला घ्या. समजा, गणिताच्या पाठ्यपुस्तकात एका उदाहरणाचे उत्तर चुकीचे छापले गेले. ते सुधारण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पुढील वर्षी संपूर्ण नवी आवृत्ती काढणे. दुसरा, मुलांच्या हाती असलेल्या पुस्तकासाठी शुद्धिपत्र पाठविणे. सुज्ञ प्रकाशक दोन्ही गोष्टी करतो. त्याने केवळ शुद्धिपत्र वाटले आणि छापखान्यातील मूळ प्रत दुरुस्त केली नाही, तर पुढच्या वर्षीच्या नव्या कोऱ्या पुस्तकात तीच चूक पुन्हा अवतरते!

लिनक्सच्या गाभ्याचे काम पाहणाऱ्यांनी नेमका हाच नियम घालून घेतला आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये आरंभिलेल्या या गाभ्याचा एक मूळ प्रवाह आहे. त्याची नवी आवृत्ती साधारणतः नऊदहा आठवड्यांनी निघते. याशिवाय काही आवृत्त्या दीर्घकाळ जतन केल्या जातात; त्या झाल्या शाखा. नियम असा, की कोणतीही दुरुस्ती आधी मूळ प्रवाहात स्वीकारली गेली पाहिजे. त्यानंतरच ती जुन्या शाखांत घ्यावयाची. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. ज्याचे यंत्र आज बिघडले त्याला आज औषध द्यावे, मूळ प्रवाहाची वाट का पाहावी? कारण तेच शुद्धिपत्राचे. दुरुस्ती केवळ शाखेत केली आणि मुळात राहून गेली, तर नव्या आवृत्तीकडे जाणाऱ्या माणसाला जुना दोष नव्याने भेटेल.

आता या शाखा किती प्रकारच्या असतात ते पाहू. डेबियन नावाची एक मुक्त प्रणाली आहे. जगभरचे स्वयंसेवक 1993 पासून ती सांभाळीत आहेत. तिच्या तीन मुख्य पायऱ्या आहेत. पहिलीचे नाव ‘अस्थिर’. नवे ते सर्व प्रथम येथे येते. दुसरी ‘परीक्षाधीन’, पहिल्या पायरीवर काही दिवस काढून ज्यात गंभीर दोष आढळला नाही तेच येथे चढते. हा काळ वस्तूच्या निकडीप्रमाणे सामान्यतः दोन, पाच किंवा दहा दिवसांचा असतो. तिसरी ‘स्थिर’, ही सुमारे दोन वर्षांनी एकदा जाहीर होते, आणि एकदा जाहीर झाली की तिच्यात नवलाईच्या वस्तू घालावयाच्या नाहीत, केवळ दोष काढावयाचे, असा दंडक आहे. बारावी स्थिर आवृत्ती जून 2023 मध्ये आली, तेरावी ऑगस्ट 2025 मध्ये.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. स्थिर शाखेतील एखाद्या घटकात सुरक्षेचा दोष निघाला, तर त्या घटकाची संपूर्ण नवी आवृत्ती सहसा तेथे आणीत नाहीत. नव्या आवृत्तीतून तेवढी दुरुस्ती काढून घेतात आणि जुन्या आवृत्तीवर तिचे कलम बांधतात. जुने झाड तसेच उभे राहते, त्याची मुळे हलत नाहीत, मात्र रोगट फांदीच्या जागी निरोगी फांदी येते. म्हणून आवृत्तीचा क्रमांक जुना दिसला की यंत्र असुरक्षित आहे असा निष्कर्ष काढू नये. क्रमांक जुना असूनही दुरुस्ती आत आलेली असू शकते. दुसरी विस्मयाची गोष्ट अशी, की अशा सुरक्षा-दुरुस्त्या पुष्कळदा मधल्या ‘परीक्षाधीन’ शाखेत सर्वांत उशिरा पोचतात. स्थिर शाखेसाठी स्वतंत्र पथक त्वरेने काम करते. पहिल्या शाखेत नवी आवृत्ती थेट येते. मधलीला मात्र रांगेत थांबावे लागते. ‘थोडे नवे, थोडे जुने’ हा मध्यममार्ग सदैव निर्धोक असतोच असे नाही.

या पायऱ्यांचा उपयोग काय, हे 2024 साली एका प्रसंगाने जगास दिसून आले. फाइली दाबून लहान करणारा ‘एक्सझेड’ नावाचा एक साधा घटक आहे. त्याच्या दोन नव्या आवृत्त्यांत कोणी कपटाने एक चोरदरवाजा ठेवला होता. लबाडी करणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनिसाचा आव आणून विश्वास संपादन केला होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक संगणकज्ञ डेबियनच्या ‘अस्थिर’ शाखेवर काम करीत असता, दूरच्या यंत्राशी जोडणी होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्यांच्या लक्षात आले. त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला आणि 29 मार्च 2024 रोजी कपट उघडकीस आणले. तोपर्यंत तो घटक ‘अस्थिर’ व ‘परीक्षाधीन’ शाखांत शिरला होता. डेबियनच्या स्थिर शाखेत मात्र पोचला नव्हता. ज्यांनी आपण होऊन नव्याचा धोका पत्करला, त्यांनी इतरांना वाचविले. वर्गात एखादा विद्यार्थी बारीकशी शंका विचारतो तेव्हा त्यास गप्प बसवू नये, याचा याहून मोठा दाखला मजजवळ नाही.

उलट, पायऱ्या न ठेवल्यास काय होते? 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-साधनाची एक सदोष सुधारणा जगभर एकाच वेळी गेली. सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पडली, आणि आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. पुढे त्या कंपनीने टप्प्याटप्प्याने सुधारणा पाठविण्याची पद्धत स्वीकारली. येथून जवळच नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीस बांध घालून पाणीमहाल बांधला आहे. पावसाळ्यात ‘नर’ व ‘मादी’ या वाटांनी कोसळणारे पाणी आपण सर्वांनी पाहिले असेल. पाणी अडवावयाचे खरे, पण त्याला ठरलेल्या वाटेने जाऊही द्यावयाचे, हे त्या बांधणाऱ्यांस ठाऊक होते. सुधारणांचेही तसेच आहे. एकदम सोडल्या तर पूर. अजिबात अडविल्या तर बांधावरच ताण.

अडविल्याचे फळ 2017 मध्ये दिसले. मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी विंडोजमधील एक गंभीर दोष दूर करणारी सुधारणा दिली. 12 मे रोजी त्याच दोषाचा फायदा घेणारा ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव जगभर पसरला. इंग्लंडमधील रुग्णालयांचे काम खोळंबले. आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणक बाधित झाले. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे विंडोज 7 ची होती, म्हणजे ज्या शाखेसाठी दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वीच दारात येऊन उभी होती! दार मात्र कोणी उघडले नव्हते. विंडोज एक्सपीची मुदत तर 2014 मध्येच संपलेली. तिच्यासाठी सर्वांना खुली अशी सुधारणा उपद्रवानंतरच निघाली.

मोबाइलच्या बाबतीत वाट अधिकच लांब आहे. एक दुरुस्ती प्रथम लिनक्सच्या मूळ प्रवाहात येते, तेथून दीर्घकालीन शाखेत, तेथून गूगलच्या अँड्रॉइडमध्ये, मग चिप बनविणाऱ्याकडे, मग फोन बनविणाऱ्याकडे आणि अखेरीस आपल्या खिशात. प्रत्येक मुक्कामावर ती तपासली जाते, जुळवून घेतली जाते. म्हणून दोन शिक्षकांच्या दोन फोनांत एकच सुधारणा महिन्यांच्या अंतराने येते. आणि निर्मात्याने ज्या फोनाची मुदत संपविली, त्यात ती येतच नाही.

आता आपल्या कामाकडे वळू. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यापुढे केवळ नोंदणी करणाऱ्यांसाठी मर्यादित मुदतीच्या सुरक्षा-सुधारणा जाहीर झाल्या. शाळांतील जुन्या संगणकांपैकी कितीतरी नव्या विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. या संगणकांत आपण काय ठेवतो? मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी. पालकाने विश्वासाने आपल्या हाती दिलेली ही ठेव आहे. दप्तराच्या कपाटास आपण कुलूप लावतो. मग संगणकाचे कुलूप गंजले आहे काय, हे पाहणे आपलेच कर्तव्य नव्हे काय?

यास्तव काही सूचना नम्रपणे करतो. प्रथम, शाळेतील प्रत्येक यंत्र कोणत्या शाखेवर आहे आणि तिची मुदत केव्हा संपते, हे जडवस्तू नोंदवहीत यंत्राच्या नावापुढेच लिहून ठेवावे. दुसरे, शालेय कामाच्या यंत्रावर परीक्षेतील आवृत्ती कधीही घालू नये. हौस असेल तर ती रिकाम्या यंत्रावर भागवावी. तिसरे, एकाहून अधिक संगणक असतील तर सुधारणा आधी एकावर घ्यावी, एकदोन दिवस छपाई व मराठी टंकलेखन पाहावे, मग इतरांवर घ्यावी. ही आपली लहानशी ‘परीक्षाधीन’ शाखाच होय. चौथे, सुधारणेपूर्वी गुणपत्रके व याद्या पेन ड्राइव्हवर उतरवून तो कुलपात ठेवावा, आणि वीज खात्रीची असेल अशीच वेळ निवडावी. पाचवे, ज्या यंत्राची मुदत संपली आहे आणि नवी प्रणाली ज्यावर बसत नाही, त्यावर मुलांची माहिती भरू नये. मात्र ते भंगारातही काढू नये. आंतरजालाशी न जोडता मुलांच्या चित्रकलेस व टंकलेखनास ते पुष्कळ उपयोगी पडते. जाणकार मिळाल्यास त्यावर डेबियन, अथवा त्याच पायावर सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने रचलेली ‘बॉस’ प्रणाली घालता येते. केरळातील शाळांनी मुक्त प्रणालीवर शिक्षणाचे काम वर्षानुवर्षे चालवून दाखविले आहे. अर्थात आपला छपाईयंत्र तीवर चालतो की नाही, हे आधी पाहावे.

शेवटी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. ही वाट एकेरी नाही. सुधारणा वरून खाली येते, पण दोषाची बातमी खालूनच वर जावी लागते. आपल्या मराठीचेच पाहा. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’चे जे विशिष्ट रूप, ते ‘सूर्या’तल्या रफारापेक्षा वेगळे आहे. एखाद्या टंकात ते चुकीचे उमटले, तर दूर देशीच्या कारागिराला ते कसे कळावे? ते रोज लिहिणाऱ्या आणि मुलांस शिकविणाऱ्या आपणांसच कळणार. आपण ती चूक नेमकेपणाने कळविली, तर तिची दुरुस्ती प्रथम मुळात होईल, मग पायरीपायरीने उतरेल, आणि कदाचित दोन वर्षांनी, आपली बदली दुसऱ्या गावी झाल्यावर, याच शाळेतील पहिलीचा विद्यार्थी तो शब्द पडद्यावर शुद्ध रूपात वाचील. ती दुरुस्ती कोणी सुचविली, हे त्यास कधीच कळणार नाही. शिक्षकाच्या बहुतेक कामाचे असेच असते. आणि म्हणूनच ते काम आपणांस परके वाटू नये.