न दिसणारी इजा

श्रोतेहो, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली की आपण सुटलो म्हणतो. पण पुढे एखादी बाई लग्नकार्याला जायचे टाळते, एस.टी.त बसायला नको म्हणते. वारा सरणे, शौचाचा वेग, काहीच तिला आवरत नाही. आणि सांगायचे कुणाला?

मलद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात, एकात एक बसलेल्या बांगड्यांसारखी. बाळ बाहेर येताना कधी ती चिरतात. वरची कातडी सांधते, आतले कडे तुटलेलेच राहते. डॉ. सुलतान आणि त्यांच्या लंडनमधील सहकाऱ्यांनी १९९३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासलेल्या ७९ पहिलटकरणींपैकी २८ जणींत अशी इजा आढळली! सगळ्यांनाच त्रास होता, असे मात्र नव्हे.

ती दिसली ध्वनिलहरींमुळे. गर्भ पाहण्याची सोनोग्राफी आपल्या परिचयाची आहे, तत्त्व तेच. बोटासारखी नळी आत सरकवतात. कानाला ऐकू न येणारा नाद स्नायूंवर आपटून परततो आणि पडद्यावर चित्र उमटते. आतले कडे काळे, बाहेरचे पांढरट. वर्तुळ जिथे तुटले, तिथे इजा. यात क्ष-किरण नाहीत. संकोच होतो, हे खरे. कधी यंत्र बाहेरूनच टेकवतात आणि बाईला आवळून धरायला सांगतात. स्नायू हलताना दिसतो.

चीर कुठे आणि केवढी हे कळले, की व्यायाम पुरेल की टाके घालावेत, हे ठरवायला डॉक्टरांना आधार मिळतो.

शिक्षिका भगिनींनो, मी वैद्य नव्हे, मास्तर. पण गावातल्या बायका तुमच्यापाशी बोलतात. कुणी हे दबक्या आवाजात सांगितले, तर ‘बाळंतपणात व्हायचेच’ असे म्हणू नका. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे धाडा; जमले तर सोबत जा.