रद्दीत देण्याआधी



लंडनमध्ये १८, स्टॅफर्ड टेरेस हे घर मी पाहिलं. ‘पंच’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न १८७५ मध्ये पत्नी मॅरियनसह तिथे राहायला आले. मॅरियनबाई रोजनिशी लिहीत: जेवणं, पाहुणे, दुखणी. मुलगा रॉयने घर फारसं बदललं नाही, नात अ‍ॅनने ते जपलं. १९८० पासून ते सर्वांना खुलं आहे.

तिथे उभी असताना आईच्या हिशेबाच्या वह्या आठवल्या. घर विकताना मीच त्या रद्दीत घातल्या. रोज लोकांच्या डेटाचा बॅकअप घेणारी मी!

तुमच्याकडे जुन्या वह्या, शाळेचे फोटो असतील तर टाकू नका. माझ्याकडे द्या, स्कॅन करून परत देईन.