आडवी बाटली



या मतपत्रिकेवर ना उमेदवाराचं नाव, ना पक्षाचं चिन्ह. चित्रं दोनच. एक बाटली उभी, एक आडवी. दारूचं दुकान राहू दे म्हणणारीनं उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणारीनं आडवीवर.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या दरासाठी रस्ते अडतात. त्याच उसाच्या मळीपासून दारू होते, आणि तिच्या महसुलाकडे सरकार डोळे लावून बसलेलं असतं. कायदा मात्र १९४९ चा, नाव दारूबंदीचं. त्या कायद्याप्रमाणे आजही प्यायला परवाना लागतो. विदेशीला एका दिवसाचा ५ रुपयांत, देशीला २ रुपयांत. किती जणांच्या खिशात तो असतो, हे तुम्हीच बघा!

गावच्या बाईला या कायद्यानं एकच हत्यार दिलंय, ते म्हणजे २००८ चा आदेश. २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान. पण खरी मेख पुढंच आहे. आडवीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या. समजा, यादीत १००० नावं आहेत. ७०० जणी आल्या, ४८० जणींनी आडवीवर शिक्का मारला. तरी दुकान चालूच! लग्न होऊन सासरी गेलेली लेक, वारलेली आजी, एमआयडीसीत पाळीवर गेलेली सून, या सगळ्या न येताच उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्या जातात. आमदार निवडताना असं गणित कुणी लावत नाही. हा नियम बदलायलाच हवा.

‘दुकान बंद केलं की हातभट्टी वाढते,’ असं लगेच ऐकवलं जातं. भीती खोटी नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली. पण तो पोलिसांच्या कामातला कच्चेपणा. त्यासाठी बायकांनी गप्प का बसायचं? आणि परवान्याच्या दुकानातली दारूही यकृताला सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आरोग्याला निर्धोक असं दारूचं प्रमाणच नाही.

तेव्हा बायांनो, सह्यांची मोहीम काढण्याआधी गावची किंवा प्रभागाची मतदारयादी हातात घ्या आणि मयत, स्थलांतरित नावं वगळण्याचे अर्ज तहसील कचेरीत देऊन या.