बेंड पाईप उतरवताना
(महोत्सवी व्याख्यानमालेत गोव्यातील सभासदांपुढे झालेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून सायलेन्सर आणि नट यांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु दुचाकी नाही असे सभासदाचे घर आज शोधावे लागते. आणि आपल्या गोव्यात तर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलीवर उतारू नेणारे पायलट हा एक जुना, मानाचा धंदाच आहे. अशा माणसाची गाडी चार दिवस दुकानात पडली म्हणजे चार दिवसांची कमाई बुडते. कारण पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. गंजलेला पाईप रंगवावयास म्हणून सोडवायला घेतला आणि हेडातला स्टड तुटला!

इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत वळून येणारा जो नळ, त्याला आपले मिस्त्री बेंड पाईप म्हणतात. तो तापलेला असतानाच त्यावर पावसाचे पाणी आणि तांबडा चिखल उडतो. शिवाय समुद्रावरची खारी हवा बारा महिने आहेच. 100 सी. सी.च्या पुष्कळ गाड्यांत हा पाईप हेडाला अवघ्या दोन स्टडांनी धरलेला असतो. स्टड 6 मिलिमीटरचा, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक. नटाला 10 चा पाना. आता गंजाची जागा लोखंडापेक्षा जास्त असते. तो आट्यांत फुगून बसला की नट आणि स्टड एकजीव होतात. तिकडे स्टडाचे दुसरे टोक अ‍ॅल्युमिनियमच्या हेडात रुतलेले. दोन भिन्न धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे तेथेही झीज चालूच. लांब दांड्याचा पाना लावून जोर केला, तर नट सुटण्याआधी स्टडच पिळून तुटतो. नट दोन-चार रुपयांचा; तुटलेल्या स्टडापायी मात्र हेड लेथवाल्याकडे न्यावे लागते.

म्हणून पाना हाती घेण्याच्या आदल्या संध्याकाळीच काम सुरू करावे. तारेच्या लहान ब्रशाने स्टडाचे उघडे आटे स्वच्छ करावेत. पुष्कळ लोक हे टाळतात, आणि नट मग त्याच मळक्या आट्यांवरून ओढला जातो. नंतर इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे आणि हात लावता येईल इतके निवले म्हणजे गंज सोडवणारे पातळ तेल नटाच्या दोन्ही बाजूंस सोडावे. धातू निवताना तेल आत ओढले जाते. लालबुंद पाईपावर तेल ओतू नये. धूर होतो आणि प्रसंगी पेटही घेतो. रात्रीत पुन्हा एकदोनदा तेल द्यावे.

सकाळी नटाच्या डोक्यावर हलक्या हातोडीने चार टिचक्या माराव्यात. सॉकेट सहा कोनांचा हवा. बारा कोनांचा नटाचे कोपरे खातो. आणि येथे आमचा आग्रह असा की, पहिला झोका सोडविण्याच्या दिशेने नव्हे, तर आवळण्याच्या दिशेने, अगदी केसभर द्यावा. गंजाचा थर तेथेच तडकतो. मग पाव फेरा बाहेर, थोडा आत, तेल, पुन्हा बाहेर. नट कुरकुरू लागला की थांबावे. नटाबरोबर स्टडच फिरून बाहेर आला, तर घाबरू नये. आटे शाबूत असतील तर तो साफ करून परत बसवता येतो.

तरीही न सुटल्यास उष्णता द्यावी. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून स्टड सोडवायचा असेल तर भोवतालचे हेड तापवावे. नट सोडवायचा असेल तर नट. परंतु त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. याला अपवाद नाही. एवढ्यानेही नट हटला नाही, तर नट बारीक छिन्नीने किंवा करवतीने फोडून टाकावा. नटाचा बळी देऊन स्टड वाचवणे यात कमीपणा कसला?

जुन्या जावा-येझदी गाड्यांचा, मैसूरला 1961 ते 1996 या काळात झालेल्या, प्रकार निराळा. तेथे खाचांचा मोठा गोल नट असतो आणि त्याला हुकाचा पाना लागतो. छिन्नी-हातोडीने खाचा उडालेले असे नट ठिकठिकाणी दिसतात, आणि पाहवत नाहीत. उलट 1 एप्रिल 2020 पासूनच्या बी. एस. सहा गाड्यांत पाईपालगत ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याची वायर आधी सोडवावी. त्या पाईपात कॉस्टिक सोडा ओतण्याची जुनी टू-स्ट्रोकची रीतही विसरावी, आतला उत्प्रेरक नासतो.

रंगाविषयी थोडक्यात. क्रोमचा पाईप घरी घासू नये, तो प्लेटिंगवाल्याकडेच द्यावा. त्या धुळीने प्रकृतीस अपाय होतो आणि गुळगुळीत क्रोमवर रंगही धरत नाही. साध्या लोखंडी पाईपाचा गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा, थिनरने पुसावा, आणि नंतर उघड्या बोटांनी शिवू नये. दारे-खिडक्यांचा एनॅमल येथे जळून जातो. सुमारे 600 अंश सोसणारा सिलिकॉनचा रंगच हवा. तो पातळ थरांत द्यावा. हेडाला टेकणारी कड आणि आटे मात्र कोरे ठेवावेत. हा रंग उष्णतेनेच पक्का होतो, म्हणून बसविल्यावर इंजिन काही मिनिटे चालवून पूर्ण निवू द्यावे, आणि हेच प्रत्येक वेळी थोडे वाढवीत दोन-तीनदा करावे.

बसवताना पॅकिंग नवे घालावे. आट्यांना किंचित कॉपर ग्रीस लावावे. पितळी नट मिळाले तर फारच उत्तम, ते स्टडाला गंजून चिकटत नाहीत. आधी सगळे नट-बोल्ट सैल लावून पाईप आपल्या जागी बसू द्यावा, मग हेडाचे दोन नट आळीपाळीने आवळावेत आणि सायलेन्सरचा मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. कंपनीच्या पुस्तकातला आकडा पाहावा. 6 मिलिमीटरच्या स्टडाला तो साधारणतः 10 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. शंभरएक किलोमीटरनंतर थंड इंजिनावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

काही मंडळी आपल्या गाड्या बाहेर अंगणात घेऊन आली आहेत, असे कळते. त्यांनी आज फक्त तेल सोडून जावे. पाना आपण उद्या सकाळी लावू.